विचारा, सांगतो : एका विजेची चार कार्डं

मागच्या अंकात जुन्या काडेपेट्यांच्या लेबलांवर लिहिलं होतं, वाटलं पत्रंही त्याचीच येतील. पण नाही, यावेळी निम्मी टपाल मॅजिक द गॅदरिंग या खेळाच्या कार्डांवर आलीये, तेच ते जादूगार, राक्षस, ड्रॅगनवालं. मी हा खेळ कधी खेळलो नाही आणि या वयात शिकायची हौसही नाही, पण अर्धं आयुष्य इंदूरला वडिलांच्या छापखान्यात गेलंय, शाईचा वास आला की अजून भूक लागते, त्यामुळे खेळात कोण जिंकतं हे मला विचारू नका, कार्ड कसं छापलं ते विचारा. यावेळी सगळं त्याच्यावरच.

प्रश्न : माझे दीर १९९४ ला शिकायला अमेरिकेत गेले होते, ९७ ला परत आले. मागच्या महिन्यात जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर त्यांचा बुटाचा खोका निघाला, त्यात चार-पाचशे कार्डं आहेत. आमचे चिरंजीव म्हणतात लाखोंचा माल आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. त्यात एकाच चित्राची चार कार्डं आहेत, वीज पडतेय असं चित्र, नाव लाइटनिंग बोल्ट. दोन पांढऱ्या कडेची, एकदम फिकट. एक पांढऱ्याच कडेचं पण जरा बरं, खाली १९९५ लिहिलंय. आणि एक काळ्या कडेचं, त्याच्यावर नावच वेगळं, फुल्मिने. हे काळं डुप्लिकेट आहे का? आणि एकच चित्र चार वेळा कशाला घेतलं असेल त्यांनी? — एक वहिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : वहिनी, शेवटचा प्रश्न आधी, कारण तो सोपाय. या खेळात एका गड्डीत एकाच नावाची जास्तीत जास्त चार कार्डं चालतात, आणि लाइटनिंग बोल्ट इतकं कामाचं कार्ड की ज्याची गड्डी लाल रंगाच्या कार्डांची तो चारच्या चार ठेवणारच. म्हणजे तुमचे दीर अमेरिकेत नुसता अभ्यास करत नव्हते, चांगले खेळत होते. आता घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

काळं कार्ड डुप्लिकेट नाहीये. फुल्मिने म्हणजे इटालियनमध्ये वीज. कार्ड तेच, चित्र तेच, क्रिस्तोफर रश या चित्रकाराचं, फक्त भाषा इटालियन. पण हे तिथे काळ्या कडेचं का आणि इंग्रजीत पांढऱ्या कडेचं का, हे कळायला जरा मागे जावं लागेल, चहा घेऊन बसा.

रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञानं हा खेळ बनवला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हाच्या चिमुकल्या कंपनीनं १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. छपाई मात्र अमेरिकेत नाही, बेल्जियममध्ये टर्नहाउट गावात कार्टा मुंडी म्हणून पत्ते छापणारी कंपनी आहे तिथे झाली. पहिली खेप २६ लाख कार्डांची, २९५ प्रकारची. ऐकायला खूप वाटतं, पण त्यातली जी दुर्मीळ प्रकारची होती ती प्रत्येकी जेमतेम ११०० आणि तुमच्या विजेसारखी साधी कार्डं साधारण १६००० प्रत्येकी. सगळ्या जगासाठी सोळा हजार, आमच्या प्रेसला दिवाळीत एका मिठाईवाल्याचे डबे याच्याहून जास्त असायचे.

या पहिल्या खेपेला सगळे अल्फा म्हणतात, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या दुसरीला बीटा. ही नावं खेळणाऱ्यांनी पाडली, कंपनीच्या लेखी दोन्ही एकच लिमिटेड एडिशन. पण छापखान्यातल्या माणसाला दोन्हीतला फरक हातात घेताच कळतो, कोपऱ्यावरून. अल्फाचा कोपरा जास्त गोल आहे, कार्ड कापायचा साचा, म्हणजे डायच वेगळी वापरली गेली. बीटापासून कोपरा कमी गोल झाला आणि आजतागायत तसाच आहे. गंमत अशी की त्यामुळे अल्फाचं कार्ड दुसऱ्यांच्यात मिसळलं तर उलटं ठेवलेलं असलं तरी ओळखू येतं, म्हणजे पत्त्यावर नखानं खूण केल्यासारखंच झालं, म्हणून स्पर्धेत एक तर सगळीच अल्फा ठेवा नाहीतर मागून न दिसणाऱ्या कव्हरात घाला असं करावं लागतं. एका डायमुळे तीस वर्षांचा ताप!

आणि चुका. अल्फात चुकाही आमच्या लग्नपत्रिकांसारख्याच, म्हंजे अक्षरशः. दोन कार्डं छापायचीच राहिली, व्होल्कॅनिक आयलंड आणि काळ्या रंगापासून बचाव करणारं एक वर्तुळ. आमच्याकडे एकदा नवरीच्या आत्याचं नाव राहिलं होतं, त्या आत्या अजून माझ्याशी बोलत नाहीत. एका कार्डाची किंमत, म्हणजे ते खेळायला किती माना, खेळातली जादूची शक्ती, लागते ती, चुकून निम्मी छापली गेली, एकावर किंमतच नाही. एका धनुर्धाऱ्यांच्या कार्डावर मारा आणि जीव यांचे आकडे उलटे. बीटात हे सुधारलं, राहिलेली दोन घातली, जमिनीच्या कार्डांची पाच नवी चित्रं घातली, २९५ चे ३०२ झाले. बीटा सत्तर लाखांच्या वर छापलं आणि तेही बघता बघता संपलं.

मग डिसेंबर १९९३ ला तीच कार्डं तिसऱ्यांदा, यावेळी साडेतीन कोटींच्या आसपास, नाव अनलिमिटेड. इथे कंपनीनं एक फार शहाणपणाची गोष्ट केली. ज्यांनी आधी घेतलंय त्यांचं वेगळं दिसावं म्हणून कड काळीची पांढरी केली. काळी कड म्हणजे पहिली खेप, पांढरी म्हणजे पुन्हा छापलेली. हा नियम लक्षात ठेवा, कारण तुमचं फुल्मिने यातूनच सुटतं. १९९४ मध्ये हा खेळ इटालियन, फ्रेंच, जर्मनमध्ये आला तेव्हा त्या भाषेतली ती पहिली खेप होती, म्हणून काळी कड. इंग्रजीत त्याच वेळी रिव्हाइज्ड नावाची आवृत्ती चालू होती, ती पांढरी. म्हणजे अमेरिकेतल्या मुलाला काळ्या कडेची वीज हवी तर एक तर महागडं अल्फा-बीटा घ्या नाहीतर इटालियन शोधा. नाव वाचता आलं नाही तरी काय, चित्रावरून कळतंच! तुमच्या दिरांनी दुसरा रस्ता धरला आणि माझ्या मते खोक्यातलं सगळ्यात मजेचं कार्ड तेच आहे.

आता ती दोन फिकट. खालची ओळ बघा, तिथे चित्रकाराचं नाव असेल पण साल नसेल. ती रिव्हाइज्डची, एप्रिल १९९४. उन्हात पडून उडालेला रंग नाही तो, छापतानाच तसा आहे, सगळी आवृत्तीच धुतल्यासारखी आलीये. मी भिंगाखाली बघितलंय, लाल आहे पण जीव नाही त्याच्यात, शाई जणू पाणी घातलेल्या दुधासारखी. अनलिमिटेडचं पण पांढरंच असतं आणि त्यावरही साल नसतं, पण त्याच्या चौकटीला आतून उताराची तिरकी कड असल्यासारखी सावली आहे आणि रंग भरदार, रिव्हाइज्डला ती सावली नाही. रिव्हाइज्डमधली माझी आवडती चूक सेरेन्डिब इफ्रीत नावाच्या कार्डाची, ते निळं कार्ड, छापलं हिरव्या चौकटीत, वर चित्र दुसऱ्याच कार्डाचं. जॉब तपासणाऱ्याची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल ते मी समजू शकतो.

रंग फिकट आलेत हे कंपनीलाही दिसत होतं, म्हणून १९९४ च्या उन्हाळ्यात सुधारून पुन्हा छापायला घेतलं आणि मग जे झालं ते बघून प्रेसवाल्याच्या पोटात खड्डा पडेल. यावेळी रंग इतके गडद की काळवंडलेले, आणि हरिकेन नावाचं हिरवं कार्ड निळ्या चौकटीत. पूर्ण खेप नष्ट करायचं ठरलं. तरी थोडे बॉक्स दुकानांपर्यंत पोचलेच, आणि आज ते निळं हरिकेन म्हणजे संग्राहकांचं देवघर. चांगली छपाई कोटींनी पडलीये, कुणी विचारत नाही, आणि बिघडलेल्यावर लोक लाखो उधळतात. आमच्या बिघडलेल्या पत्रिकांचे आम्ही रद्दीत किलोचे पैसे घेतले.

चौथं कार्ड, १९९५ लिहिलेलं, ते फोर्थ एडिशनचं, एप्रिल १९९५. मुख्य आवृत्त्यांत इथपासून खाली साल आणि कंपनीचं नाव यायला लागलं म्हणून ओळखायला एकदम सोपं. आणि हे त्या विजेचं मुख्य आवृत्तीतलं शेवटचं कार्ड, बरं का, म्हणजे निदान बराच काळ. १९९७ च्या पाचव्या आवृत्तीतून लाइटनिंग बोल्ट काढून टाकलं. लाल रंगाचा एकच माना देऊन तीनचा मार, इतक्या स्वस्तात इतकं नको असं वाटायला लागलं त्यांना. १९९८ मध्ये त्याच्या जागी शॉक नावाचं कार्ड आलं, खर्च तोच, मार दोनचा. मग २००९ च्या जुलैत मॅजिक २०१० आवृत्तीत ते परत आलं, तोपर्यंत मुख्य आवृत्त्यांच्या कडा पण काळ्या झाल्या होत्या, चित्र मात्र बदललं, क्रिस्तोफर मोलरचं नवं चित्र. लोक इतके खूश झाले होते म्हणतात की जणू सासुरवाशीण माहेरी आली. पण मला विचाराल तर रशचं जुनं चित्र साधं असूनही जास्त चांगलं. बुटाच्या खोक्यात तेच आहे.

चिरंजिवांना आता हळूच सांगा की रिव्हाइज्ड आणि फोर्थची वीज म्हणजे सगळ्यांची मिळून छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीची एक चक्कर, फारतर दोन. इटालियन काळ्या कडेची त्याहून बरी. लाखोंची भाषा अल्फाच्या दुर्मीळ कार्डांना लागू होते, ब्लॅक लोटससारख्या, तेही रशनंच काढलेलं, त्याची एक उत्तम अवस्थेतली अल्फा प्रत २०२१ च्या जानेवारीत ५,११,१०० डॉलरला गेली. साध्या विजेचं अल्फा कार्ड शेकडो डॉलरचं. म्हणून आता खोक्यातली बाकीची कार्डं काढून बसा आणि किंमत नका शोधू, आधी तीन गोष्टी बघा, कड कुठली, कोपरा कसा, खालची ओळ काय म्हणते. जास्त गोल कोपऱ्याचं एक जरी निघालं तर मला फोन नका करू, आधी दिरांना करा.

प्रश्न : मी फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग शिकते. आम्ही लिथो किंवा एचिंग काढलं की खाली १/२०, २/२० असं लिहून सही करतो, प्लेट संपली की संपली. मग या कार्डांवर नंबर का नसतो? आणि ब्लॅक लोटसला एवढी मागणी आहे तर कंपनी अजून छापून पैसे का नाही कमवत? — एक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : फार मस्त प्रश्न, आणि तुमच्या शहरातूनच यावा असा. उत्तर असं की हे कार्ड छापताना ते कलाकृती आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. ११ आडवी ११ उभी अशी १२१ कार्डं एका शीटवर, चार रंगांचं ऑफसेट, मग कापायचं आणि पाकिटात भरायचं. आम्ही व्हिजिटिंग कार्डं एका शीटवर गँग करून मारतो तेच मोठ्या प्रमाणात. जे दुर्मीळ होतं ते प्लेट मोडली म्हणून नाही, दुर्मीळची शीट कमी वेळा मशीनवर गेली म्हणून. नंबर कुठे टाकणार. नंबरवाली कार्डं फार उशिरा आली, २०२२ च्या शेवटी एका संचात प्रत्येकी ५०० अशी, आणि २०२३ मध्ये तर एक कार्ड असं काढलं की त्याची जगात एकच प्रत, त्यावर १/१. एका अमेरिकन गायकानं ते वीस लाख डॉलरच्या घरात घेतलं. तुमच्या भाषेत मोनोप्रिंटच झालं ते, फक्त छापलंय मशीनवर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक भांडण. १९९५ मध्ये कंपनीनं क्रॉनिकल्स नावाचा संच काढला, त्यात जुन्या छोट्या संचांतली कार्डं पांढऱ्या कडेत पुन्हा छापली. नव्या मुलांना आनंद झाला, पण ज्यांनी जुनी महाग घेऊन ठेवली होती ते आणि दुकानदार असे भडकले की कंपनीला मार्च १९९६ मध्ये यादी जाहीर करावी लागली, ही कार्डं आम्ही पुन्हा कधीच छापणार नाही. रिझर्व्ह्ड लिस्ट म्हणतात तिला. ब्लॅक लोटस तिच्यात आहे, लाइटनिंग बोल्ट नाही, म्हणून वीज आजही नव्यानं छापली जाते आणि स्पर्धेत चालेल असं लोटस नाही. कंपनी आपलाच शब्द मोडत नाही, पैसे दिसत असून, हे मला कौतुकाचं वाटतं आणि थोडं बावळटपणाचंही. तुम्ही प्लेटवर रेघ मारून ती रद्द करता ना, ही यादी म्हणजे तीच रेघ, फक्त कागदावर मारलेली, प्लेटवर नाही.

प्रश्न : माझ्याकडे मामेभावानं दिलेली तीस-पस्तीस जुनी कार्डं आहेत. खराब होऊ नयेत म्हणून सगळी लॅमिनेट करून घेतली. आता एकजण म्हणतो त्यातली काही नकली आहेत. घरच्या घरी कसं ओळखायचं? — एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : अहो काय केलंत हे. एवढंच म्हणून थांबतो, कारण झालं ते झालं, लॅमिनेशन आता काढायला जाऊ नका, वरची शाईच सोलून येईल. पुढच्या वेळी प्लास्टिकची ढिली कव्हरं मिळतात ती घ्या, गरम काहीही कार्डाजवळ नेऊ नका.

ओळखण्याचं म्हणाल तर लॅमिनेट केल्यामुळे एक परीक्षा तुमच्या हातून गेली, ती म्हणजे हाताला कागद कसा लागतो ती. खरं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर, दोन थरांच्या मध्ये निळसर गाभा असतो, म्हणून मागून टॉर्च धरली तर उजेड ठराविकच येतो, नकली एक तर अजिबात सोडत नाही नाहीतर पार धपकन सोडतं. पण ही परीक्षा खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवूनच करा, एकट्याची करून काही कळत नाही, आणि लॅमिनेटची भर पडलीये तर तेवढा फरक धरावा लागेल.

भिंगाची परीक्षा मात्र अजून होईल. आमच्या प्रेसमध्ये असतं तसलं छोटं भिंग घ्या, इंदूरच्या खजुरी बाजारात मिळायचं, ग्वाल्हेरलाही मिळेलच. चित्रावर धरा, रंगांच्या ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसली पाहिजेत, ऑफसेटची चार रंगांची जाळी तशीच पडते. आता नावाच्या आणि मजकुराच्या काळ्या अक्षरांवर धरा. तिथे ठिपके नकोत, सलग काळी शाई हवी, कारण खऱ्यात काळं वेगळ्या प्लेटवर सलग मारलंय. नकली कार्ड बहुतेक वेळा खऱ्याचं स्कॅन करून छापलेलं असतं, मग अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच होतात, कडा केसाळ दिसतात. मग उलटं करा, मागे पाच रंगांचे गोल असतात, त्यातल्या हिरव्यात बघा, चार लाल ठिपके आहेत, काटकोनात मांडल्यासारखे. ते नसले किंवा लगदा झालेला असला तर मामेभावाला चहाला बोलवा आणि विचारा कुठून आणलं.

मागे आणखी एक गंमत आहे, खालच्या बाजूला डेकमास्टर असं लिहिलंय त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून पेन फिरल्यासारखी एक बारीक रेघ गेलीये. ती डाग नाही, तुमच्या कार्डावरची नाही, १९९३ पासून सगळ्यांवर आहे. पाठ बदलली तर जुनं-नवं मिसळून खेळता येणार नाही, म्हणून ती चूकही तशीच छापत राहिलेत. पहिला छोटा संच अरेबियन नाइट्स आला तेव्हा त्याची पाठ वेगळी करायचा विचार होता म्हणे, बरं झालं सोडला.

प्रश्न : शाळेच्या बाहेरच्या दुकानात सोनेरी पोकेमॉन कार्डं मिळतात, पन्नास रुपयांना पाकीट. ती पण मोठेपणी महाग होतील का? मी सातवीत आहे. — एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नाही रे बाळा. ती खेळायला घे, चिकटव, मित्राशी बदल, पण जपून ठेवू नकोस. खरी पोकेमॉन कार्डं जपानात १९९६ मध्ये आली आणि १९९९ मध्ये इंग्रजीत जी पहिली छापली ती याच विझार्ड्स कंपनीनं, आणि तिथेही खेळ तोच, पहिल्या खेपेवर फर्स्ट एडिशनचा शिक्का, नंतर चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नसलेली, मग सावलीवाली. सोनेरी प्लास्टिकवर अख्खं कार्ड छापलेलं दुकानात लोंबकळत असेल तर ते नकली, इथल्याच कुणा भिया लोकांनी छापलंय. पन्नासात पोहे-जिलेबी येतील, आईला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून.

प्रश्न : माझ्याकडचं लाइटनिंग बोल्ट काळ्या कडेचं आहे, इंग्रजी आहे, पण कोपरे गोल नाहीत, कात्रीनं कापल्यासारखे चौकोनी. अल्फा की बीटा? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : दोन्ही नाही, बहुतेक. १९९३ च्या डिसेंबरात कंपनीनं सगळी ३०२ कार्डं एका डब्यात घालून संग्राहकांसाठी काढली होती, कोपरे मुद्दाम चौकोनी ठेवून, म्हणजे स्पर्धेत कुणी वापरू नये. कार्ड उलटं करा, मागे कलेक्टर्स एडिशन असं सोनेरी कडेत लिहिलेलं असेल तर ते हेच. नसेल, पाठ नेहमीची असेल, तर मग खरंच कुणीतरी कात्री चालवलीये, आणि तसं असेल तर कोपरा किती कापलाय ते भिंगानं बघून मला पुन्हा लिहा.